मगनवाडीचा हिशेबनीस

पहाटेची गाडी वर्ध्याला थांबते तेव्हा अजून झुंजूमुंजूही झालेलं नाही. तुम्ही फलाटावर उतरता. साल १९३५, चैत्र लागलेला. फोन, पाकीट, मनगटावरचं घड्याळ सगळं तुमच्या काळात राहिलंय. अंगावर जाडाभरडा सदरा आणि पायात वहाणा, एवढंच. स्टेशनाबाहेर टांगे उभे आहेत. एक टांगेवाला तुमच्याकडे बघून म्हणतो, "मगनवाडीले का जी? बसा नं." कसं ओळखलं म्हणून विचारलंत तर तो हसतो. "आजकाल जो उतरते थो तिकडंच जाते."

तुम्ही चालतच निघता. हवा आत्ता सुखाची आहे, पण हा वर्ध्याचा उन्हाळा. दहा वाजले की रस्त्यावर पाय ठेववणार नाही.

तुम्ही इथे का आलात ते मला ठाऊक आहे. रविवारच्या उपासनेत लोक उठून साक्ष देतात. कुणाची दारू सुटलेली असते, कुणाचा आजार बरा झालेला असतो, कुणी मरणाच्या दारातून परत आलेला असतो. सगळे 'आमेन' म्हणतात, तुम्हीही मनापासून म्हणता. पण तुमच्या आयुष्यात उठून सांगावं असं काही घडलेलं नाही. नोकरी आहे, घराचा हप्ता आहे, मुलांच्या परीक्षा आहेत, आईची औषधं आहेत. येशूवर तुमचा विश्वास आहे, लहानपणापासून आहे. तरी सोमवारी सकाळी कामावर जाताना वाटतं, प्रभू माणसाला नवं करतो म्हणतात, मग माझ्या या साध्या आयुष्यात नेमकं काय नवं झालं? या प्रश्नाचं उत्तर मला जिथे सापडलं तिथे मी तुम्हाला घेऊन चाललो आहे. ते चर्चमध्ये सापडलं नाही. ते एका हिशेबनिसाकडे सापडलं.

मगनवाडी म्हणजे जमनालाल बजाजांची बाग आणि बागेतला बंगला. गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी यांच्या नावावरून हे नाव पडलं. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि जमनालालजींनी ही जागा संघाला देऊन टाकली. सध्या गांधीजी इथेच राहतात. सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, ते जातील तो दिवस अजून वर्षभर लांब आहे.

फाटकाशी पोचता तर आतून माणसं बाहेर पडत असतात. हातात बादल्या, फावडी. तुमच्याही हातात कुणीतरी बादली देतं, नाव न विचारता. ही मंडळी शेजारच्या सिंदी गावाकडे निघाली आहेत. रस्त्याच्या दोन्ही कडांना गावाने रात्री आणि पहाटे केलेली घाण पडलेली आहे. ती उचलायची, बादलीत भरायची, खड्ड्यात टाकायची, वर माती लोटायची. गांधीजींचे चिटणीस महादेवभाई देसाई या कामात असतात. ब्रिटिश आरमारातल्या बड्या अधिकाऱ्याची मुलगी मीराबेन असते. तुम्ही नाकाला सदऱ्याची बाही लावता, पण फावडं धरायला दोन हात लागतात, म्हणून बाही सोडावी लागते. गावकरी बघतात. कुणी हात जोडत नाही, कुणी लाजत नाही, कुणी मदतीलाही येत नाही. एक बाई पोराला हाताला धरून बाजूला घेते आणि पुढे जाते. उद्या इथे पुन्हा हेच असणार हे तुम्हाला दिसतं. बादली घेऊन चाललेल्यांनाही दिसत असणार.

परत आल्यावर हातपाय धुवा आणि कार्यालयात चला. तो माणूस तिथे बसलेला आहे.

हातकागदाच्या वहीवर बोरूने लिहिणारे हे जोसेफ चेल्लादुराई कुमारप्पा. वय त्रेचाळीस. ग्रामोद्योग संघाचे मंत्री. अंगात खादीचा कुडता आणि खाली धोतीजामा, म्हणजे धोतर आणि पायजमा यांच्या मधला, त्यांनी स्वतः बेतलेला प्रकार. तुम्ही दारात उभे राहता, ते मान वर करत नाहीत. ठरलेली वेळ नसताना आलेल्या माणसासाठी ते मान वर करत नाहीत, मग तो कोणी का असेना. समोरच्या आकड्यांवर त्यांचं बोट वरून खाली सरकतं, एका ओळीवर थांबतं, पुन्हा वर जातं.

हे बोट नीट बघून ठेवा. हे बोट इथवर कसं आलं ते बघायला आपल्याला मागे जावं लागेल.

तंजावर, १८९२. ख्रिस्ती घर. वडील सरकारी बांधकाम खात्यात, घराण्याचं आडनाव कॉर्नेलियस. जानेवारीच्या ४ तारखेला जन्मलेलं हे मूल प्रार्थना ऐकतच मोठं होतं. पुढे ते लंडनला जाऊन हिशेबतपासनीस होतं, मुंबईत भागीदारीत पेढी काढतं, उत्तम इंग्रजी कपडे घालतं. या जे. सी. कॉर्नेलियसमध्ये वाईट काही नाही. बायबल आहे, शिस्त आहे, इभ्रत आहे. तुमच्या-माझ्यासारखाच तो. येशू त्याला वारशात मिळाला आहे आणि घरातल्या जुन्या चांदीच्या भांड्यासारखा तो फडताळात नीट ठेवलेला आहे.

आपल्या मराठी मंडळींना नारायण वामन टिळकांची गोष्ट पाठ असते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक गोरा प्रवासी भेटतो, नव्या कराराची प्रत हातात ठेवतो, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगतो. पुढे मंथन, घरादाराची ताटातूट, आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा. ती मोठी गोष्ट आहे. पण टिळक बाहेरून आत आले. जो आतच जन्मला त्याने कुठे यायचं? मला वाटतं, आपल्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांचा हाच प्रश्न आहे आणि त्याबद्दल आपण मोकळेपणी बोलत नाही.

कॉर्नेलियस १९२७ मध्ये अमेरिकेला जातो. तिथल्या एका चर्चमध्ये त्याचं व्याख्यान होतं, विषय असतो भारत गरीब का. त्याची बातमी वर्तमानपत्रात येते. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक सेलिगमन ती वाचतात आणि सांगतात, प्रबंध याच विषयावर लिही. आता त्या तरण्याबांड हिशेबनिसासमोर ब्रिटिश सरकारच्या जमाखर्चाची वही उघडी पडते. आकडे तर त्याची मातृभाषा. कर कुणाकडून येतो आणि कुठे जातो, हे तो ओळीओळीने बघत जातो. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासणाऱ्याला इथे पहिल्यांदा वहीच्या तळाशी उपाशी माणूस दिसतो.

आता १९२९, ९ मे, साबरमती. तुम्ही झाडाच्या सावलीत थोडे बाजूला उभे राहा. रेशमी सूट घातलेला, हातात काठी घेतलेला एक गृहस्थ येतो. त्याला गांधींना भेटायचं आहे, प्रबंध छापण्याबद्दल बोलायचं आहे. वेळेआधी आला आहे, म्हणून रेंगाळतो. शेणाने सारवलेल्या जमिनीवर एक म्हातारा सूत कातत बसलेला आहे. गृहस्थ काठी टेकून ते कातणं बघत राहतो. थोड्या वेळाने म्हातारा बोळक्या तोंडाने हसून विचारतो, कुमारप्पा तुम्हीच ना? तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो की हेच गांधी. तो आपल्या रेशमी विजारीकडे बघतो, सारवलेल्या जमिनीकडे बघतो आणि खाली बसतो.

या क्षणाला लोक गांधींचा चमत्कार म्हणतात. मी वेगळं म्हणतो. गुडघे मोडून बसायला त्याला त्याच्या येशूने आधीच शिकवलेलं होतं. कुठे बसायचं ते त्या दिवशी कळलं. त्याच वर्षी त्याने आणि त्याच्या भावाने परकं आडनाव सोडून आजोबांचं कुमारप्पा हे नाव घेतलं. भाऊ भारतन पुढे याच मगनवाडीत त्यांच्या हाताशी काम करणार आहे. प्रबंध गांधीजींनी 'यंग इंडिया'त क्रमशः छापला. आणि लगेच काम दिलं: खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्यात जा, घरोघर फिर, शेतकऱ्याच्या हातात काय येतं आणि काय उरतं ते मोजून आण. गुजरात विद्यापीठातली मुलं बरोबर घेऊन कुमारप्पांनी पन्नासहून अधिक गावं पालथी घातली.

त्यांचं काम तर बदललंच नाही, हे ध्यानात घ्या. पूर्वी हिशेब करत होते, आताही हिशेबच करतात. शुभवर्तमानात पेत्र आणि आंद्रिया जाळी टाकून निघतात आणि माणसं धरणारे होतात. मत्तय जकातीच्या नाक्यावरून उठून जातो. पण जक्कय? येशू त्याच्या घरी जेवायला जातो आणि जक्कय तिथेच, जेवणाच्या वेळीच, हिशेब मांडतो: अर्धं गोरगरिबांना, आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत. येशू त्याला धंदा सोडायला सांगत नाही. त्याच्या वहीतले आकडे बदलतात. लूकने हे सांगून ठेवलंय आणि आपण त्यातलं झाडावर चढणंच तेवढं मुलांना शिकवत बसलो आहोत.

कुमारप्पांच्या वहीत काय बदललं ते बघायला बिहारला चला. १५ जानेवारी १९३४ चा भूकंप. गावंच्या गावं जमीनदोस्त. राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली मदत समिती स्थापन झाली, देशभरातून पैसा येतो आहे. आपल्या वर्ध्याच्या जमनालालजींनी या पैशाचा हिशेब कुमारप्पांच्या ओटीत टाकला. कार्यकर्त्याच्या जेवणाला दिवसाला तीन आणे, असा त्यांनी नियम घातला. काही दिवसांनी गांधीजी आपल्या माणसांसह आले. त्यांचं दूध, फळं, मोटारीचं पेट्रोल. कुमारप्पांनी महादेवभाईंना सांगून टाकलं, की हा खर्च भूकंपाच्या पैशातून निघणार नाही. तुमची सोय तुम्ही बघा. तुम्ही तिथे उभे आहात. तुमच्या कार्यालयातले लोक आठवा, कुणाच्या बिलावर कोण सही करतं ते आठवा. हा माणूस ज्यांच्यासाठी सगळं सोडून आला त्यांचंच बिल नाकारतो आहे, कारण त्या पैशावर नाव आहे ते मुझफ्फरपूरच्या उघड्यावर पडलेल्या बाईचं. आणि गांधीजींनीही ते मानलं.

मी याला साक्ष म्हणतो. उठून सांगण्यासारखी हीच असते.

आता परत वर्ध्याला, पण काही वर्षं पुढे. १९३८ चा डिसेंबर, थंडी छान पडलेली. गांधीजी सेगावला गेले आहेत. मगनवाडीत मगन संग्रहालयाची इमारत उभी राहिली आहे. ३० तारखेला गांधीजी येऊन ते उघडतील. गावात हाताने काय-काय होऊ शकतं ते लोकांनी एका छपराखाली बघावं, यासाठी ते आहे. आज शेवटची आवराआवर चालू आहे, म्हणून तुमच्याकडे कुणाचं लक्ष नाही. कागदाच्या कामाकडे जा. फाटक्या चिंध्यांचा लगदा हौदात ढवळून ठेवलेला असतो. कारागीर काड्यांची जाळी दोन्ही हातांनी त्यात तिरपी बुडवतो, आडवी करून वर उचलतो, मनगटाला एकच हलका झोका देतो. पाणी गळून जातं आणि जाळीवर साय धरल्यासारखा कागद उरतो. तो उलटा टाकायचा, दाबायचा, मग भिंतीला चिकटवून वाळवायचा. घोटून गुळगुळीत केला की झाला. संघाची 'ग्राम उद्योग पत्रिका' अशाच हातकागदावर छापली जाते. कुमारप्पा तिचे संपादक.

पलीकडे घाणी चालू आहे. लाकडी उखळात जवस, मधे तिरपी लाट, लाटेला जुंपलेला बैल गोल फिरतो आहे, डोळ्यांवर ढापण. इथे घाणीवर प्रयोग करून करून तिचं सुधारलेलं रूप तयार झालं, पुढे ते 'वर्धा घाणी' म्हणून देशभर गेलं. तेली दाण्यावर ओंजळभर पाणी शिंपडतो, काठीने कडेची पेंड आत ढकलतो. खालच्या भोकातून तेलाची धार लागते. आधी गढूळ, मग सोनेरी. वास तुमच्या घशात उतरतो.

"पायता का जी? बसा," तो म्हणतो.

तुम्ही विचारता, गिरणीचं तेल स्वस्त मिळतं म्हणतात, मग हे कोण घेणार?

"स्वस्त हाये नं. खोटं काहून बोलू?" तो बैलाला टकटक करतो. "पन माह्या वावरातला जवस गाडीनं जाते, तेल होऊन येते, अन् ढेप काही येत नाही. बैलाले काय घालू? इथं काढलं तं तेल माह्यं, ढेप माह्या बैलाची, पैसा गावात."

"हे कुणी सांगितलं?"

"साहेबानं. कुमारप्पा साहेब. किरस्ताव हायेत म्हनते." मग जरा थांबून, "मले कधी बाट म्हने नाही. ढेपीचं मात्र चारदा ईचारलं."

तो तेली माझ्या कल्पनेतला आहे, तसे शेकड्याने असतील. पण त्याच्या तोंडचा हिशेब कुमारप्पांचाच. त्यांचं म्हणणं होतं की वस्तू विकत घेणारा तिच्यामागच्या अन्यायाचा वाटेकरी होतो. स्वस्त मिळाली म्हणून हात झटकता येत नाहीत. 'माझा शेजारी कोण' या प्रश्नावर येशूने वाटेत पडलेल्या जखमी माणसाची गोष्ट सांगितली. कुमारप्पांनी ती गोष्ट बाजारापर्यंत नेली: माझ्या ताटातलं तेल ज्याने गाळलं तो माझा शेजारी, ज्याची घाणी माझ्या स्वस्ताईने बंद पडली तोही. असा विश्वास अंगावर घेतला की भाजीबाजारातून परत येणंसुद्धा सोपं राहत नाही, आणि मला वाटतं, ते तसं राहूही नये.

हे सगळं यशस्वी झालं असं मी सांगणार नाही. गिरण्या जिंकल्या. सिंदीच्या वाटेवर बरीच वर्षं घाण पडत राहिली. येशूवर भरवसा ठेवला की जग लगेच ऐकायला लागतं, असं जो सांगतो त्याने शुभवर्तमान शेवटपर्यंत वाचलेलं नाही. तिथे वधस्तंभ आहे. बदल कुठे झाला ते नेमकं बघा. एका माणसाने रोजच्या जेवणाचा, कपड्याचा, कागदाचा, तेलाचा एकेक धागा प्रभूच्या हातात दिला आणि तो पुन्हा मागितला नाही.

तो माणूस साधुसंत झाला असंही नाही. कुमारप्पा रागीट होते. रक्तदाबाचा त्रास होता, बोलणं धारदार होतं, वेळ चुकवणाऱ्याची खैर नसे. चर्चच्या लोकांशी तर त्यांचं बिनसलेलंच. १९३० च्या सत्याग्रहात त्यांनी मिशनऱ्यांना जाहीर हाक दिली, की तुम्ही अहिंसा शिकवता ना, मग लाठ्या खाणाऱ्यांच्या बाजूला या. कलकत्त्याचे मेट्रोपॉलिटन बिशप फॉस वेस्टकॉट यांना हे पटलं नाही, दोघांमध्ये जाहीर पत्रव्यवहार झाला. माझ्या श्रद्धेच्या माणसांना कुमारप्पा अजूनही अडचणीचे वाटतात हे मला ठाऊक आहे. ते धर्मांतराच्या मोजदादीवर टीका करत, संस्थेच्या थाटावर टीका करत, आणि तरी स्वतःला ख्रिस्ताचा माणूस म्हणवत. मला त्यांची सगळी मतं पटत नाहीत. मुक्ती म्हणजे निव्वळ योग्य वागणूक, असं त्यांच्या लिखाणातून कधीकधी वाटतं, आणि मला कृपेची गरज त्याहून खोल वाटते. पण कृपेबद्दल तासभर बोलून गड्याची मजुरी थकवणाऱ्यांपेक्षा मी त्यांच्या मांडीला मांडी लावून बसेन.

जाता जाता सेवाग्रामला एक चक्कर. जून १९४२. अमेरिकन पत्रकार लुई फिशर आठवडाभर मुक्कामाला आहेत. त्यांच्या मागोमाग तुम्ही वाकून बापूंच्या कुटीत शिरा. मातीची भिंत, बाकी काही सजावट नाही. एकच चित्र: येशू ख्रिस्ताचं, काळ्या-पांढऱ्या रंगातलं, खाली तोच आमची शांती आहे अशा अर्थाचा मजकूर. फिशरना आश्चर्य वाटतं, तुम्हालाही वाटेल. हिंदुस्थान पेटायच्या बेतात आहे, दोन महिन्यांनी 'चले जाव' होणार आहे, आणि वर्ध्याच्या या खेड्यातल्या मातीच्या भिंतीवर तो गालीलचा सुतार आहे.

ऑगस्ट येतो, माणसं उचलली जातात. पुढे कुमारप्पाही. आता आपण जबलपूरच्या मध्यवर्ती तुरुंगात आहोत, आणि इथे तुम्ही थोडा जास्त वेळ बसावं असं मला वाटतं. प्रकृती ढासळलेली. मगनवाडी दूर, घाणी दूर, कागदाचा हौद दूर. हाताला काम नाही अशा जागी या माणसाला आणून टाकलं आहे ज्याचा सगळा धर्म हाताच्या कामात होता. आता काय उरलं? ते लिहायला घेतात. दोन पुस्तकं होतात. एकाचा विषय टिकाऊ अर्थव्यवस्था: निसर्गात वाघ मारून खातो, माकड दुसऱ्याच्या बागेतली फळं ओरबाडतं, पाखरू आपल्या कष्टाने घरटं बांधतं, मधमाशी पोळ्यासाठी गोळा करते आणि आई पिलासाठी काही मोबदला न मागता झिजते, माणसाने या पायऱ्यांवर कुठे उभं राहायचं? दुसऱ्याचा विषय येशूची शिकवण आणि येशूचं आचरण. दोन्ही पुस्तकं १९४५ मध्ये बाहेर आली, दोन्हींना गांधीजींची प्रस्तावना. येशूवरचं पुस्तक ईश्वर मानणाऱ्या कुठल्याही धर्माच्या माणसाने वाचावं, अशी त्यांनी शिफारस केली.

दोन पुस्तकं, पण एकाच कोठडीतली आणि एकाच माणसाची. अर्थशास्त्र एका खणात आणि भक्ती दुसऱ्या खणात, असं त्यांनी केलंच नाही. येशूची नुसती पूजा करायची नसते, त्याच्या मागे चालायचं असतं, हे त्यांचं सांगणं.

संध्याकाळ होते. बराकीत दिवा लागलेला नाही. तुम्ही भिंतीला टेकून बसला आहात आणि सवयीने प्रभूची प्रार्थना ओठांवर येते. रोजच्या भाकरीच्या मागण्यापाशी येऊन तुम्ही अडखळता. आजवर किती वेळा म्हटली असेल! इथे, तुरुंगाच्या जाड्याभरड्या रोटीच्या वासात, ते मागणं पहिल्यांदा पोटातून येतं. ती भाकर एकट्यासाठी मागायची सोयच येशूने ठेवलेली नाही, आणि मागायची ती आजच्यापुरती. पुढच्या वीस वर्षांची नाही. तुमच्या फ्लॅटच्या कोठीत सहा महिन्यांचा किराणा आहे आणि तुमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईने परवा आगाऊ पैसे मागितले तेव्हा तुम्ही 'बघू' म्हणालात. तिचा पगार किती आहे? शेवटचा कधी वाढवला? हे आठवायला जबलपूरला यावं लागलं याचं वाईट वाटून घेऊ नका. भरवसा म्हणजे हेच असतं: उद्याची भाकर देणारा तो आहे असं खरंच मानलं, तर आजची मूठ उघडता येते. नाहीतर उघडत नाही, कितीही भजनं म्हटली तरी.

आता शेवटचा मुक्काम. वर्ध्याहून नागपूरच्या वाटेवर सेलडोह. पन्नासचं दशक नुकतंच लागलं आहे. देश स्वतंत्र झाला, गांधीजी गेले. दिल्लीत मोठ्या कारखान्यांच्या आणि धरणांच्या योजना आखल्या जातात आणि कुमारप्पा तिथल्यांना नकोसे झाले आहेत. मगनवाडी सोडून ते इथे आले, शेतीत, पन्नै आश्रमात. साठीला टेकलेला, आजारी, हट्टी माणूस. काळी कसदार माती, बांधावर बाभळी, कडक ऊन. एका गावाला वर्षभर लागेल तेवढं धान्य, डाळ, तेलबिया, कापूस त्या गावाच्याच जमिनीत कसा बसवायचा, हे गणित त्यांच्या डोक्यात चालूच आहे. पिकाची निवड भावावरून नको, पोटावरून हवी, हा त्यांचा आग्रह. तुमच्या काळात याच जिल्ह्यात कापसाचा भाव पडला की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. ज्या गावात अंत्ययात्रेला गेला होतात त्या गावाचं नावही तुम्हाला आठवतं. सांगावंसं वाटतं त्यांना. पण काय सांगणार?

थोड्याच काळात ते इथूनही निघतील, मदुराईजवळच्या कल्लुपट्टीला. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीलाच, त्यांचं निधन होईल. संसार केला नाही, मालमत्ता ठेवली नाही.

आत्ता मात्र ते बांधावर उभे आहेत आणि तुमची वेळ ठरलेली नव्हती तरी त्यांनी मान वर केली आहे. विचारायचं असेल ते आत्ता विचारा. येशू माझं साधं आयुष्य बदलेल का, हे विचारू नका. त्याचं उत्तर तुम्ही सिंदीच्या वाटेवर आणि बिहारच्या वहीत बघितलं आहे. घरातल्या बाईच्या पगाराचं विचारा. हप्त्याचं विचारा, दुकानात कुठलं तेल घ्यायचं ते विचारा, साहेबाने पुढे केलेल्या खोट्या बिलावर सही करायची की नाही ते विचारा. आकडे बरोबर सांगा. आकड्यांत गोलमाल केलेली त्यांना चालत नाही.